पुकारा आपल्याच नंबराचा: जीयूआय टेस्टमध्ये नेमक्या सिग्नलची वाट कशी पाहायची

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाला वाट कशी पाहायची हे कुणी शिकवावं लागत नाही. हातात चौदा नंबरचा बिल्ला असतो, कंपाउंडर दारातून "अकरा!" असं ओरडतो आणि चौदा नंबरवाला जागचा हलत नाही. पुकारा झाला, त्याने तो ऐकलाही, पण तो त्याचा नव्हता. "बरोबर चाळीस मिनिटांनी आत शिरायचं" असंही तो ठरवत नाही, कारण आतल्या पेशंटला किती वेळ लागेल हे घड्याळाला माहीत नसतं.

पडद्यावरच्या, म्हणजे खिडक्या-बटणं असलेल्या (जीयूआय) प्रोग्रॅमसाठी आपोआप चालणाऱ्या टेस्ट लिहायला बसलो की मात्र आपण नेमक्या याच दोन गोष्टी करतो. एक तर दोन सेकंद, पाच सेकंद असं मोजून थांबतो, नाहीतर पहिला पुकारा कानावर पडला की उठून आत जातो. टेस्ट कधी हिरवी (पास), कधी लाल (नापास) होते, आणि मग "ती टेस्ट फ्लेकी आहे, पुन्हा चालव" हे टीममध्ये सगळ्यांच्या तोंडी बसतं. यावरचा उपाय फारसा अवघड नाही. आपण नक्की कशाची वाट पाहतोय हे टेस्टलाच सांगायचं: सिग्नल कोणता, आणि त्याच्यासोबत येणारी माहिती कोणती. हा लेख त्याबद्दल आहे. उदाहरणं क्यूटी आणि पायथनमधली घेतली आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातलं आहे.

सिग्नल म्हणजे काय, दोन मिनिटांत

क्यूटी ही पडद्यावरचे प्रोग्रॅम बांधायची जुनी आणि भक्कम लायब्ररी आहे. नॉर्वेतल्या हावार्ड नूर्द आणि आयरिक शांबे-एंग या दोघांनी ती सुरू केली, 1995 मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अधिकृत उच्चार "क्यूट" असा आहे, पण आपल्याकडे सगळे क्यूटीच म्हणतात, म्हणून इथेही तेच. व्हीएलसी प्लेअरच्या खिडक्या, नकाशांसाठीचं क्यूजीआयएस, ओबीएस स्टुडिओ हे सगळं क्यूटीवर उभं आहे.

क्यूटीतल्या वस्तू एकमेकींशी सिग्नलने बोलतात. बटण दाबलं की बटण "मला दाबलं" असा सिग्नल सोडतं. ज्याला त्यात रस आहे त्याने आपलं फंक्शन त्या सिग्नलला आधीच जोडून ठेवलेलं असतं, त्या फंक्शनला स्लॉट म्हणतात. सिग्नल सोडणाऱ्याला कोण ऐकतंय हे माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते.

सिग्नलबरोबर बहुतेक वेळा काही माहितीही येते. हेच त्याचे आर्ग्युमेंट. आकड्यांच्या पेटीचा "किंमत बदलली" हा सिग्नल नवी किंमत घेऊन येतो, लिहायच्या पेटीचा "मजकूर बदलला" हा सिग्नल सगळा मजकूर घेऊन येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर "पुणे" टाइप करून बघा. चार कळा दाबल्या जातात आणि "मजकूर बदलला" चार वेळा येतो: आधी "प", मग "पु", मग "पुण", शेवटी "पुणे". सिग्नल एकच, आर्ग्युमेंट चार वेगवेगळे. टेस्टला "पुणे" हवं असेल आणि ती पहिल्याच सिग्नलला उठली, तर तिच्या हाती फक्त "प" लागतो.

पतसंस्थेचा अहवाल

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी आम्ही डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहीत होतो. त्यात महिन्याचा अहवाल काढायचं एक बटण होतं. खात्यांची माहिती वाचायची, पीडीएफ बनवायची आणि हे चालू असताना पडद्यावरच्या पट्टीवर कुठपर्यंत आलंय ते दाखवायचं. काम लांबणारं, म्हणून ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाच्या जोडीने चालणाऱ्या वेगळ्या धाग्यात, टाकलेलं होतं. हे काम करणारा भाग म्हणजे वर्कर. तो "स्थिती" नावाचा सिग्नल सोडायचा आणि त्यासोबत एक शब्द पाठवायचा: आधी "सुरू", मग "वाचन", मग "लेखन", शेवटी "पूर्ण". काही बिघडलं तर "अपूर्ण".

टेस्ट अशी लिहिली होती की बटण दाबायचं, "स्थिती" सिग्नल येईपर्यंत थांबायचं आणि मग फोल्डरमध्ये फाइल आहे का ते बघायचं. माझ्या मशीनवर ती कायम हिरवी. सगळ्यांच्या टेस्ट जिथे एकत्र चालतात त्या सीआय मशीनवर मात्र आठवड्यातून दोन-तीनदा लाल.

कारण सरळ होतं, पण दिसायला वेळ लागला. टेस्ट "सुरू" ऐकूनच उठत होती. टेस्टसाठी आम्ही मोजकीच पाच-सहा खाती घेतली होती, त्यामुळे वेगवान मशीनवर टेस्ट फाइल शोधायला जाईपर्यंत वर्करचं काम उरकलेलं असायचं. सीआय मशीनवर एकाच वेळी बरंच काही चाललेलं असे, तिथे वर्कर मागे पडायचा. म्हणजे टेस्ट बरोबर होती म्हणून हिरवी होत नव्हती. शर्यतीत प्रत्येक वेळी वर्करच जिंकत होता, एवढंच.

यावर आम्ही जे केलं ते बहुतेक टीम करतात. कुणीतरी टेस्टमध्ये दोन सेकंदांची झोप घातली. ती पुरेना तेव्हा पाच केली.

झोपेने काय बिघडतं

पायथनची टाइम-स्लीप वापरून थांबणं साध्या प्रोग्रॅममध्ये फक्त संथ असतं. पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये ते चुकीचंही असतं, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

क्यूटीचा प्रोग्रॅम एका इव्हेंट लूपवर चालतो. मुख्य थ्रेडमध्ये एक न थांबणारं चक्र असतं: माउस हलला का, कळ दाबली का, खिडकी पुन्हा रंगवायची आहे का, दुसऱ्या थ्रेडकडून काही निरोप आलाय का, एकेक बघायचं आणि निकाली काढायचं. टेस्टही याच मुख्य थ्रेडमध्ये चालते. टेस्ट झोपली की चक्रही थांबतं. दवाखान्याच्या भाषेत सांगायचं तर इथे पेशंट आणि कंपाउंडर हा एकच माणूस आहे. तो डोळे मिटून बसला तर पुकारा कोण करणार?

एकाच थ्रेडमधले सिग्नल सोडल्या क्षणी थेट स्लॉटला बोलावतात, त्यांना चक्राची गरज नसते. दुसऱ्या थ्रेडमधून आलेला सिग्नल मात्र निरोपाच्या रूपात रांगेत पडतो, आणि तो मुख्य थ्रेडचं चक्र फिरेल तेव्हाच पोचतो. आमच्या टेस्टमध्ये याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. पाच सेकंदांची झोप संपली तेव्हा डिस्कवर फाइल तयार होती, कारण वर्करचा थ्रेड आपलं काम करत होता. पण पडद्यावरच्या लेबलवर अजून "सुरू" लिहिलेलं होतं. "वाचन", "लेखन", "पूर्ण" हे तिन्ही निरोप रांगेत पडून होते. लेबल तपासणारी ओळ टेस्टमध्ये लिहिली की ती लाल व्हायची, झोप पाचाची पंधरा सेकंद केली तरी.

क्यूटीची स्वतःची क्यू-वेट आहे, ती थांबते आणि थांबता थांबता चक्रही फिरवते. ती बरी. पण तीही घड्याळच पाहते, आणि किती वेळ द्यायचा हा अंदाज पुन्हा आपलाच असतो.

आधी कान उघडा, मग बटण दाबा

पायथनमध्ये क्यूटीच्या टेस्टसाठी पायटेस्ट-क्यूटी नावाचं प्लगइन आहे, ब्रुनो ऑलिव्हेरा यांनी सुरू केलेलं. ते टेस्टच्या हाती क्यूटीबॉट नावाची वस्तू देतं, आणि तिच्याकडे वेट-सिग्नल आहे.

वेट-सिग्नल नेहमी पायथनच्या विथ या रचनेसोबत (आत शिरताना आणि बाहेर पडताना ठरलेली कामं आपोआप करणारी) वापरायचं, आणि त्यामागे कारण आहे. विथच्या ओळीवरच ते सिग्नलला जोडून घेतं, म्हणजे कान आधी उघडतात. मग विथच्या आत आपण बटण दाबतो. विथमधून बाहेर पडताना खरं थांबणं सुरू होतं: तो सिग्नल आत असतानाच येऊन गेला असेल तर लगेच पुढे, नसेल तर आतल्या आत एक छोटा इव्हेंट लूप चालू होतो आणि सिग्नल येईपर्यंत फिरत राहतो. त्याचबरोबर एक टायमर लावलेला असतो. त्या मुदतीत सिग्नल आला नाही तर टाइमआउटची चूक फेकली जाते आणि टेस्ट लाल होते.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी बटण दाबलं आणि मग थांबायला लागलो, की फसगत झालीच म्हणून समजा. सिग्नल त्याच थ्रेडमधला असेल तर बटण दाबतानाच तो येऊन गेलेला असतो. मग टेस्ट येऊन गेलेल्या पुकाऱ्याची वाट पाहत मुदत संपेपर्यंत बसून राहते.

इथे टाइमआउटबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला नव्या सहकाऱ्यांमध्ये सतत भेटतो. टाइमआउट म्हणजे झोप नाही. मुदत तीस सेकंद दिली म्हणून टेस्ट तीस सेकंद घेत नाही. सिग्नल शंभर मिलिसेकंदांत आला तर ती शंभर मिलिसेकंदांत पुढे जाते. पूर्ण मुदत फक्त नापास होणारी टेस्ट वापरते. त्यामुळे मुदत देताना हात आखडता घेऊ नका. पायटेस्ट-क्यूटीच्या 2021 मधल्या 4.0 आवृत्तीत ठरलेली मुदत एका सेकंदावरून पाच सेकंदांवर नेली, म्हणजे क्यूटीच्या स्वतःच्या टेस्ट-साधनांइतकीच केली. व्यग्र सीआय मशीनसाठी एक सेकंद खरोखरच तोकडा होता.

आता मुद्द्याची अट

इथपर्यंतचं सगळं नीट केलं तरी आमची पतसंस्थेची टेस्ट सुधारत नाही. वेट-सिग्नलला "स्थिती" एवढंच सांगितलं तर ते "सुरू" ऐकूनच उठेल.

पहिला विचार असा सुचतो की सिग्नल आल्यावर त्याचे आर्ग्युमेंट बघावेत. तशी सोय आहे: विथ संपल्यावर, वेट-सिग्नलने हाती दिलेल्या ब्लॉकर या वस्तूच्या आर्ग्ज या गुणधर्मात आलेली माहिती मिळते. ज्या सिग्नलची एकच फेरी येते तिथे हे पुरतं. आमच्याकडे चार यायच्या, आणि आर्ग्जमध्ये जिच्यामुळे आपण उठलो ती पहिलीच मिळते. अकरा नंबर पुकारला म्हणून आत जायचं आणि मग बिल्ला बघून "अरे, माझा चौदा" असं म्हणायचं, तसं हे होतं.

हवं ते असं की अट वाट पाहण्यातच असावी. 2016 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीपासून वेट-सिग्नलला चेक-पॅराम्स-सीबी नावाचं एक जास्तीचं आर्ग्युमेंट देता येतं. त्यात आपण एक छोटं फंक्शन देतो. सिग्नल आला की प्रत्येक वेळी त्याची माहिती या फंक्शनला दिली जाते. फंक्शनने "हो" म्हटलं तर थांबणं संपतं, "नाही" म्हटलं तर जणू तो सिग्नल आलाच नव्हता असं समजून थांबणं चालू राहतं. मुदत मात्र तीच, पहिल्यापासून मोजलेली. प्रत्येक नकोशा सिग्नलला ती नव्याने सुरू होत नाही.

टेस्टचा सांगाडा मराठीत लिहिला तर असा दिसेल:

विथ वाट पाहा (सिग्नल: वर्कर.स्थिती, अट: शब्द == "पूर्ण", मुदत: 5000 मिलिसेकंद):
    अहवालाचं बटण दाबा
फाइल आहे का ते तपासा

मला याचं सगळ्यात मोल वाटतं ते नापास झाल्यावरच्या संदेशात. अट न देता थांबलात आणि मुदत संपली तर "सिग्नल आला नाही" एवढंच कळतं. अट देऊन थांबलात तर पायटेस्ट-क्यूटी सांगतं की सिग्नल आला होता, अमुक-अमुक आर्ग्युमेंट घेऊन आला होता, पण एकही तुमच्या अटीत बसला नाही. "सुरू, वाचन, अपूर्ण" अशी यादी समोर आली की डीबगर (चुका शोधायचं साधन) उघडायची गरजच उरत नाही, कुठे अडलं ते तिथेच दिसतं.

अट लिहिताना कुठे पाय घसरतो

पहिली चूक सगळ्यांकडून एकदा तरी होते: अटीच्या फंक्शनमध्ये तुलना लिहायची आणि रिटर्न विसरायचं. पायथनमध्ये असं फंक्शन काहीच परत देत नाही, आणि "काहीच नाही" म्हणजे "नाही". बरोबर सिग्नल येतो, तुलना बरोबर होते, तरी टेस्ट मुदत संपेपर्यंत थांबून लाल होते. वरचा संदेश वाचला तर यादीत हवा तो शब्द दिसतो आणि माणूस चक्रावतो. असं दिसलं की आधी रिटर्न आहे का ते बघा.

दुसरी चूक मराठी प्रोग्रॅममध्ये खास आहे. आमच्याकडे कुणीतरी अट लिहिली: आलेल्या मजकुरात "पूर्ण" आहे का? हेतू चांगला होता, "काम पूर्ण", "पूर्ण झाले" असं काहीही आलं तरी चालावं. पण "अपूर्ण" मध्येही "पूर्ण" आहेच. अहवाल फसला, वर्करने "अपूर्ण" कळवलं आणि टेस्ट समाधानाने पुढे गेली. त्या दिवसापासून मी अशा अटीत "मध्ये आहे का" वापरत नाही, पूर्ण बरोबरी तपासतो.

बरोबरीचाही एक सूक्ष्म काटा आहे. "वऱ्हाड" हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. "ऱ" हे एकच अक्षर म्हणून, किंवा साधा "र" आणि त्याखाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण पायथनच्या बरोबरीला ते वेगळे वाटतात. "वऱ्हाड.पीडीएफ" नावाची फाइल तयार झाल्याचा सिग्नल आला, टेस्टमध्येही तुम्ही "वऱ्हाड.पीडीएफ" लिहिलंय, तरी अट जुळत नाही आणि संदेशात दोन्ही नावं तंतोतंत एकसारखी दिसतात. उपाय म्हणजे तुलनेआधी दोन्ही बाजू पायथनच्या युनिकोडडेटा या साधनाने एनएफसी नावाच्या एकाच ठरलेल्या रूपात आणायच्या. "वाऱ्या", "कोऱ्या", "दुसऱ्या" असले शब्द ज्याच्या प्रोग्रॅममध्ये आहेत त्याने हे ध्यानात ठेवावं.

याहून मुळातला इलाज म्हणजे सिग्नलमधून पडद्यावरचा मजकूर पाठवूच नये. ठरावीक संकेतांची यादी करावी, वर्करने संकेत पाठवावा आणि त्याचा मराठी शब्द पडद्याने ठरवावा. उद्या "पूर्ण" ऐवजी "अहवाल तयार" लिहायचं ठरलं तरी टेस्टला धक्का लागत नाही.

अपूर्णांकांना बरोबरी लावू नका. व्याजाची रक्कम सिग्नलमधून येत असेल तर थोडा फरक चालेल अशी अट लिहा, कारण संगणकात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही.

सिग्नलमधून पायथनची यादी किंवा तशीच बदलता येणारी वस्तू ऑब्जेक्ट म्हणून पाठवली असेल तर आणखी एक घोटाळा होऊ शकतो. ती वस्तू पाठवल्यानंतरही वर्कर तिच्यात भर घालत राहिला, तर टेस्टला नंतर दिसते ती बदललेली वस्तू, पाठवल्या क्षणीची नव्हे. पाठवतानाच प्रत काढून पाठवावी. फक्त टेस्टसाठी नव्हे, प्रोग्रॅमसाठीही हेच योग्य आहे.

अटीचं फंक्शन हलकं ठेवा. त्याने आलेली माहिती बघावी आणि हो-नाही सांगावं, एवढंच. त्यात पडद्यावरच्या वस्तूंना हात लावू नका, फाइली उघडू नका. दोन थ्रेड गुंतलेले असताना ते फंक्शन नेमकं कुठल्या थ्रेडमध्ये चालेल यावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

आणि एक असं, जिथे अट निर्दोष असते पण सिग्नलच येत नाही. आकड्यांच्या पेटीत आधीच 5 असेल आणि टेस्टने पुन्हा 5 घातले, तर "किंमत बदलली" येत नाही. बदललं काहीच नाही ना. टेस्टच्या सुरुवातीला वेगळी किंमत घालून घ्या.

एकाहून जास्त पुकारे

कधी एक सिग्नल पुरत नाही. प्रगती 0, मग 50, मग 100 अशी आली का, हे तपासायचं असतं. त्यासाठी वेट-सिग्नल्स आहे, अनेकवचनी. त्याला सिग्नलांची यादी द्यायची आणि तितक्याच लांबीची अटींची यादी. ज्या सिग्नलला अट नको तिथे नन (पायथनमधलं "काहीच नाही") लिहायचं. तोच सिग्नल यादीत तीनदा लिहून तीन वेगळ्या अटी दिल्या तरी चालतं.

क्रमासाठी तीन पर्याय आहेत. काहीच सांगितलं नाही तर कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात. "सिंपल" म्हटलं तर सांगितलेल्या क्रमाने यायला हवेत, पण मध्ये दुसरे आले तर हरकत नाही. "स्ट्रिक्ट" म्हटलं तर यादीतल्या सिग्नलांपैकी मध्ये भलताच एकही यायला नको. स्ट्रिक्ट बघायला मोहक आहे, पण मी ते क्वचित वापरतो. प्रगती 0, 50, 100 ऐवजी उद्या 0, 25, 50, 75, 100 अशी येऊ लागली तर प्रोग्रॅम सुधारलेला असतो आणि टेस्ट मात्र लाल होते.

सी++ मध्ये काम करणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथे क्यू-सिग्नल-स्पाय आहे. तो सिग्नलला चिकटून प्रत्येक वेळचे आर्ग्युमेंट यादीत नोंदवत जातो. त्याची वेट आर्ग्युमेंट बघत नाही, कुठलाही सिग्नल आला की ती परतते. त्यातही ती आधी नोंदलेले सिग्नल मोजत नाही, हाक मारल्यानंतर नवा यावा लागतो. म्हणून "आला असेल तर बरं, नसेल तर थांब" हे आपल्याला लिहावं लागतं: आधी यादी चाळायची, हवं ते नसेल तर वेट करायचं, पुन्हा चाळायची. किंवा क्यू-ट्राय-व्हेरिफाय वापरून "यादीत पूर्ण असलेली नोंद आहे" हे खरं होईपर्यंत थांबायचं. स्वतः बनवलेला माहितीचा प्रकार सिग्नलमधून जात असेल तर तो आधी क्यूटीकडे नोंदवायला विसरू नका, नाहीतर स्पायला तो वाचता येत नाही.

ही कल्पना क्यूटीपुरती नाही. वेबसाइटच्या टेस्टसाठी प्लेराइट वापरणारे एक्स्पेक्ट-रिस्पॉन्सला असंच एक फंक्शन देतात: सर्व्हरकडून आलेलं कुठलंही उत्तर नको, या पत्त्यावरचं आणि यशस्वी झालेलंच हवं. तिथेही विथची तीच रचना आहे, आधी कान उघडायचे आणि मग क्लिक करायचं.

सिग्नल की स्थिती

प्रत्येक वेळी सिग्नलच धरून बसायला हवं असंही नाही. लेबलवर "पूर्ण" दिसलं का, हा प्रश्न पडद्याच्या स्थितीचा आहे. त्यासाठी क्यूटीबॉटचं वेट-अन्टिल बरं: त्याला एक तपासणी द्यायची, आणि ते चक्र फिरवत थोड्याथोड्या वेळाने ती करून बघतं. एकाच थ्रेडमध्ये एका सिग्नलला जोडलेले स्लॉट ज्या क्रमाने जोडले त्याच क्रमाने चालतात, हे खरं. पण थ्रेड दोन असतील तर "सिग्नल मिळाला म्हणजे लेबलही बदललंच असणार" असं धरू नका. मी आधी नेमक्या सिग्नलची वाट पाहतो आणि लेबल तपासायचं असेल तर त्यानंतर वेट-अन्टिलने तपासतो. दोन ओळी जास्त लागतात, लागू देत.

"अमुक सिग्नल येऊच नये" हेही तपासावं लागतं. त्यासाठी असर्ट-नॉट-एमिटेड आहे. त्याला थांबायची मुदत देता येते आणि ती द्यावीच, नाहीतर ते फक्त विथच्या आतल्या क्षणांपुरतं बघतं. मात्र त्याला आर्ग्युमेंटची अट देता येत नाही. "स्थिती आली तर चालेल, पण 'अपूर्ण' नको" असं हवं असेल तर आलेले सगळे शब्द एका यादीत गोळा करायचे, "पूर्ण" येईपर्यंत थांबायचं आणि मग यादीत "अपूर्ण" नाही ना ते बघायचं.

अहवालाच्या टेस्टचं पुढे काय झालं

शेवटी आम्ही पाच सेकंदांची झोप काढली आणि "पूर्ण" ची अट घातली. टेस्टची अडचण सुटली असं मी धरून चाललो होतो. पण बदल केल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लाल झाली, आणि या वेळी वेगळ्या ठिकाणी. "पूर्ण" आला होता. फाइलही होती. पण फाइल अर्धवट होती, पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीला ती उघडता येईना.

वर्करचा कोड उघडला. फाइल लिहिण्यासाठी जी विथ होती तिच्या आतच, शेवटच्या ओळीला, "पूर्ण" सोडलेला होता. म्हणजे सिग्नल आधी निघायचा आणि फाइल नंतर बंद व्हायची. शेवटचा तुकडा अजून मेमरीत असताना "झालं" असं जाहीर होत होतं. पतसंस्थेतल्या माणसाने "पूर्ण" दिसताच फाइल उघडली असती तर क्वचित कधीतरी त्याला फाटलेला अहवाल मिळाला असता. झोपेच्या पाच सेकंदांत फाइल दरवेळी आरामात बंद व्हायची, म्हणून ती चूक इतके महिने कुणालाच दिसली नव्हती.

दुरुस्ती चार स्पेसची होती. सिग्नल सोडणारी ओळ चार स्पेस डावीकडे सरकवली, म्हणजे ती फाइलच्या विथबाहेर आली. टेस्टला हात लावावा लागला नाही.